बदामाची सत्ती

परवा माझ्या नातीनं मोबाइलवर मेंढीकोट काढून माझ्या हातात दिला. "आजी, खेळ. बाकीचे तीन भिडू मशीनच देतं." मी चष्मा लावून बसले. बदामाची उतारी झाली. माझ्याकडं बदाम होतं, तरी मी मुद्दाम बोट इस्पिकावर ठेवलं, तर ते पान जागचं हलेना. पुन्हा दाबलं, पुन्हा हलेना. नात म्हणाली, "अगं, हातात बदाम असताना दुसरं पान टाकताच येत नाही त्यात." मी फोन तिच्या मांडीवर टाकला. म्हटलं, मग ह्यात खेळ तो काय राहिला? पान दडवता येतं आणि तरी माणूस दडवत नाही, त्याला खेळ म्हणायचं. घरात सगळे म्हणतात, म्हातारी हल्ली फार चिडते. हल्ली नाही, बाबांनो. तेरा वर्षांची होते तेव्हापासून मी चिडलेलीच आहे. मधली वर्षं संसारात गेली, चिडायला सवड मिळाली नाही एवढंच.

नळदुर्गात हमरस्त्याला लागून आमच्या अप्पांचं शेंगांचं आणि तुरीचं दुकान होतं. मागं वखार, आणि वखारीच्या मागं आमचं घर. हैदराबादकडनं येणारे ट्रक चढावर गिअर बदलायचे तेव्हा फळीवरची पितळी भांडी थरथरायची, आणि आमची आई, म्हणजे अव्वा, भाकरी थापता थापता ड्रायव्हरच्या सात पिढ्या कन्नडमधून उद्धारायची. घरभर शेंगांच्या टरफलांची धूळ. अंथरुणात धूळ, ताकात धूळ, माझ्या वेणीत धूळ. अव्वाची शेंगाची चटणी मात्र अशी असायची की उखळात कुटताना तेल सुटून मुसळाला लागायचं. ते मुसळ पुसून खायला मी आणि अक्का भांडायचो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण महादेवी. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही दोघीच. मुलगा नाही म्हणून अव्वा खंडोबाला नवस बोलत राहिली. अप्पांना मात्र मुलापेक्षा जास्त नड होती ती पत्त्यांना चौथ्या भिडूची.

दुपारी रस्ता सुना व्हायचा, गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा वखारीत पोत्यांच्या थप्पीशेजारी तरट अंथरलं जायचं आणि शेजारचे करीमचाचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून येऊन बसायचे. अप्पा आणि चाचा एका बाजूचे, मी आणि अक्का दुसऱ्या. भिडू समोरासमोर. मला खेळ शिकवला तो अप्पांनी, आणि काय शिकवला! तेरा-तेरा पानं वाटायची. ज्याची उतारी होईल त्याचंच पान टाकायचं, बदाम तर बदाम, चौकट तर चौकट. नसेल तरच दुसरं. पहिल्यांदा ज्याच्याकडं उतारीचं पान संपलेलं असेल, त्यानं जे टाकलं तो त्या डावाचा हुकूम, आणि मग हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्याचा एक्का मारून नेते. चार दश्शा म्हणजे चार मेंढ्या. तीन मेंढ्या ज्यांनी पकडल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त, त्यांचा डाव. आणि चारी पकडल्या तर कोट, मग हरणाऱ्यांनी मान खाली घालून पत्ते पिसायचे आणि जिंकणाऱ्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल करायची. चाचांवर कोट चढवला की अक्का फक्त पदर सावरायची. मी मात्र वखारभर नाचायची. चाचा म्हणायचे, "गे गिरजा, नाच नक्को, टरफलां उडतीं!"

पण सगळ्यात आधी अप्पांनी शिकवलं ते पान चोरायचं नाही हे. हातात बदाम असताना "बदाम न्हाय" म्हणून हुकूम मारायचा, त्याला पान चोरणं म्हणायचे. कुणी चोरलं तर त्या घडीला काहीच कळत नाही. पानं त्याच्या हातात, ती बघायला कोण जाणार? पुढं कधीतरी ते दडवलेलं पान खाली टाकावंच लागतं, तेव्हा उघडं पडतं. अप्पांचा सख्खा आत्तेभाऊ एकदा असा सापडला. अप्पांनी आवाजसुद्धा चढवला नाही. पानं गोळा केली आणि म्हणाले, "तू घरी ये, जेव, मुक्काम कर. पर ह्या तरटावर पुन्हा बसू नगंस." तो बिचारा पुढं वखारीत आला की उभ्यानंच बोलायचा. मला अप्पांचा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी! आज आठवलं की वाटतं, कुठं ठेवू मी तो अभिमान.

अक्काला पानं पाठ असायची. कुठलं पडलं, कुठलं राहिलं, कुणी काय टाकताना जरा थांबला, सगळं. सातवी पास झाली होती, शिवण चाचांकडंच शिकली होती, आणि बोलायची मोजकं. दोन स्थळं तिनं नाही म्हणून सांगितली होती. अव्वानं कपाळ बडवून घेतलं, पण अप्पांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "महादेवीला पसंत पडल्याबिगर तिला कुणाच्या घरात ढकलणार न्हाय. माझा शब्द हाय." त्या काळात असा शब्द देणारा बाप गावात दुसरा नव्हता, हे मी मान्य करते. तेवढ्यासाठी तर राग जास्त येतो.

तिसरं स्थळ आलं उमरग्याकडचं. मुलाचे वडील मल्लप्पा, मोठा रुमाल बांधणारे, खणखणीत आवाजाचे, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारणारे. मुलगा विश्वनाथ, शांत, गोरटेला, पंचायतीच्या कचेरीत नोकरीला. बरोबर मुलाची आई आणि मावशी. सकाळी बघण्याचा कार्यक्रम झाला. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, भरली वांगी, कडक भाकरी, वर तुपाची धार, सगळे आडवे होईस्तोवर जेवले. संध्याकाळच्या मोटारीनं पाहुणे परतायचे होते, आणि त्याच्या आधी आमच्याकडून व्हय की न्हाय ते सांगायचं ठरलं होतं. मी खरकटी काढताना अक्काला कोपरखळी मारली, "काय गं?" ती लाजली नाही. सरळ म्हणाली, "पोरगा बरा वाटायला. जरा बघू दे अजून."

बघायला मिळालं ते असं. जेवण झाल्यावर मल्लप्पांना चैन पडेना. "सावकार, पत्ते हायत का घरात? जेवल्यावर चार डाव टाकल्याबिगर मला अन्न पचत न्हाय." अप्पा खूष. पण चाचा त्या दिवशी कापड आणायला सोलापूरला गेलेले. बाप-लेक एका बाजूचे झाले तरी अप्पांना भिडू कोण? मी टुणकन उडी मारली. अप्पा म्हणाले, "तू न्हाय. महादेवी, बस." वर पाहुण्यांना ऐकवलं, "आमची पोरगी चार बाप्यांना भारी हाय." मल्लप्पा हसले, "अरे वा! सुनेचा हात बगू तर दे." नवऱ्यामुलासमोर मुलीनं पत्ते खेळायला बसायचं, ही त्या काळी आक्रीतच गोष्ट. आतून मुलाची मावशी डोकावून तोंडाला पदर लावून हसली. मी रागावून मल्लप्पांच्या पाठीमागं पोत्यावर चढून बसले. माझी जागा गेल्याचा राग होता. तिथून त्यांच्या हातातली पानं मला सगळी दिसत होती.

आणि अक्का खेळली की! पहिला डाव तिनं आणि अप्पांनी घेतला. दुसरा पाहुण्यांनी. विश्वनाथ चांगला खेळायचा, घाई नाही, बडबड नाही. एकदा त्यानं अक्काची मेंढी अलगद पकडली, तेव्हा तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानंही बघितलं. मला ते दिसलं. अप्पांनाही दिसलं असणार, त्यांच्या मिशीत हसू होतं. सगळं छान चाललं होतं हो. कुणी तिथंच उठून चहा मागितला असता तर?

तिसरा डाव. किलवरचा हुकूम झालेला. पाहुण्यांकडं दोन मेंढ्या, आमच्याकडं एक, पण हात आमचे जास्त. राहिली होती बदामाची मेंढी. अक्कानं बदामाचा एक्का उतरला. विश्वनाथनं राणी टाकली. अप्पांनी खुशीत दश्शी दिली, म्हणजे मेंढी आपल्याच भिडूच्या एक्क्याखाली. आता राहिले मल्लप्पा. त्यांच्या हातात बदामाची सत्ती होती. मी बघत होते, माझ्या नाकासमोर होती, लालभडक. त्यांनी अंगठ्यानं ती मागं सरकवली, म्हणाले, "बदाम खलास!" आणि किलवरची तिर्री धाडकन आपटून मेंढी ओढून घेतली.

अक्कानं पानं खाली ठेवली नाहीत. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "मामा, बदाम हाय तुमच्याकडं."

"काय म्हनलीस पोरी?"

"सत्ती अजून पडली न्हाय. तुमच्या लेकाकडं असती तर त्यांनी राणी कशाला घातली असती? अप्पा, तुमच्याकडं हाय का?"

अप्पांकडं नव्हती. त्यांना तेवढंच सांगायचं होतं, न्हाय म्हणून. एक शब्द. अप्पा हातातली पानं सारखी करत राहिले. मल्लप्पांचा चेहरा रुमालाखाली काळवंडला. "बगा सावकार, पोरगी मला चोर ठरवायलीय. अजून घरात आली न्हाय तर ही तऱ्हा!" आणि रागाचं सोंग करून त्यांनी हातातली चार पानं उपडीच लेकाच्या पुढ्यात फेकली. "धर रं ती. मला खेळायचंच न्हाय." विश्वनाथनं ती उचलून हातात धरली. मी पोत्यावरून ओरडले, "हाय सत्ती! म्या बघितली! त्यांनी मागं सारली!"

आतल्या बायका उंबऱ्यात आल्या. सगळा उलगडा त्या चार पानांत होता. ती उलटी करायची, बस्स. आणि माझ्या अप्पांनी काय केलं? ज्या माणसानं सख्ख्या आत्तेभावाला तरटावरून उठवलं होतं, त्या माणसानं हात लांब करून विश्वनाथच्या हातातली पानं घेतली, स्वतःची त्यात टाकली, अक्काच्या हातातली ओढून घेतली, आणि सगळी खालच्या पानांत कालवून टाकली. कालवली म्हणजे दोन्ही हातांनी, पिठात पाणी घालून कालवतात तशी. म्हणाले, "डाव मोडला. पोरीची नजर चुकली. मल्लप्पा, मनावर घेऊ नका." मग उठले, पोत्यावरून मला दंडाला धरून खाली ओढलं आणि एक थोबाडीत दिली. "थोरल्या माणसाला खोटं पाडतीस?"

मला मारलं त्याचं काही नाही. अप्पांच्या हातचा मार आधीही खाल्ला होता, शेंगा सांडल्या म्हणून, उलट बोलले म्हणून. पण खरं बोलले म्हणून पहिल्यांदाच खाल्ला. गाल नुसता भगभगत होता आणि मी अप्पांच्या डोळ्यांत बघत होते, की हा माणूस आता तरी नजर चुकवतो का. चुकवली त्यांनी. त्यांना माहीत होतं! पाहुण्यांचा मान म्हणे. सोयरीक म्हणे. उमरग्यापर्यंत नाव जाईल म्हणे. अरे, मग आम्हाला कशाला शिकवलं होतं ते सगळं? खेळापुरतं खरं बोलायचं आणि खेळातसुद्धा मोठा पाहुणा आला की खोटं गिळायचं, असं आधीच सांगायचं होतं ना. आम्ही पोरी, आम्ही तसंही शिकलो असतो.

अक्का रडली नाही. पाया पड म्हणून अप्पांनी खूण केली तशी ती उठली, मल्लप्पांच्या पाया पडली. मग तिथंच उभी राहून तिनं विश्वनाथला विचारलं. लग्न न ठरलेल्या मुलीनं मुलाशी थेट बोलायचं, सगळ्यांच्या देखत! अव्वाच्या हातातला तांब्या वाकडा झाला. अक्का म्हणाली, "पानं तुमच्या हातात हुती. सत्ती हुती का त्यात?"

तो एकदा बापाकडं बघून मग तिच्याकडं बघत म्हणाला, "मी बघितली न्हाईत. उपडीच धरली हुती. दुसऱ्याची पानं मी बघत न्हाय."

अक्कानं मान हलवली आणि आत गेली. मी तिच्या मागं. चुलीपाशी मी तिला गदागदा हलवलं. म्हटलं, "अक्का, न्हाय म्हण. आत्ताच्या आत्ता न्हाय म्हण. बाप चोर हाय त्याचा." ती माझ्या गालाला ओला पदर लावत होती. म्हणाली, "बाप चोर हाय, दिसलं मला. पर मला बापासंग ऱ्हायचं न्हाय. पोरगं बघ की. हातात पानं हुती, उलटून बघायला काय लागत हुतं? कुणीबी बघितली असती. ह्यानं न्हाय बघितली. बापाच्या बाजूनं खोटं बी बोलला न्हाय, माझ्या बाजूनं बी न्हाय. जे ठाऊक न्हाय ते न्हाय म्हनला. असा माणूस चालंल मला." मी म्हटलं, आणि बघितली असली तर? ती माझ्यावरच रागावली. "तुला सगळीच चोर दिसायलीत आता." संध्याकाळच्या मोटारीच्या आधी अप्पा दारात येऊन उभे राहिले, आत न येता. अक्का म्हणाली, "व्हय म्हणून सांगा." अव्वानं साखर वाटली. माझ्या तळहातावरची मी चुलीत टाकली. चरचरली आणि घरभर वास सुटला.

करीमचाचांना सोलापूरहून आल्यावर कळलं. कुणी सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांनी तरट अंथरलं, हाक मारली. चाचा आपल्या दुकानातूनच म्हणाले, "काम हाय सावकार." पुढंही कामच असायचं त्यांना. अप्पा मला म्हणाले, ये, दोघं खेळू. मी म्हटलं, दोघांचा खेळ मला येत न्हाय. अप्पांनी नंतर मला कधी मारलं नाही, आणि कधी समजावलंही नाही. मला वाटायचं, मरेपर्यंत एकदा तरी म्हणतील, गिरजे, तू बघितलं होतंस ते खरं होतं. म्हणाले नाहीत. बाप म्हणून त्यांनी आमचं खूप केलं, ते दुसऱ्या कुणी लिहावं.

अक्काचा संसार बरा झाला. खोटं कशाला सांगू, दाजी वाईट माणूस नव्हते. पगार हातात आणून द्यायचे, दारू नाही, हात उगारणं नाही. मल्लप्पांची दुखणी अक्कानंच काढली, शेवटी त्यांना भरवायचीसुद्धा तीच. दाजींशी कधी खटका उडाला, कुणी त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोललं, की अक्काचं एकच ठरलेलं, "ते न बघता बोलत न्हाईत." पोरांना, सुनांना, मला, सगळ्यांना ती हे ऐकवायची. मी तोंड वाकडं करायची.

दाजींच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे उमरग्याला जमलो. अंगणात मांडव, नातवंडांचा गलका, जेवणं उरकून सगळे सतरंजीवर पसरलेले. एका नातवानं विचारलं, "आजोबा, तुमचं लग्न कसं ठरलं?" दाजी खुलले. ती सगळी गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली, सावकारांची वखार, आबांचा, म्हणजे मल्लप्पांचा, रुमाल, मी पोत्यावर बसलेली, माझी थोबाडीत. पोरं लोळण घेत होती. अक्का माझ्याशेजारी बसून सुपारी कातरत होती, तीही हसत होती. मग दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, अगदी बापासारखी, "आणि गंमत सांगू का? सत्ती होतीच! बदामाची! आबांनी पानं फेकली ना, ती उचलताना मी हळूच बघून घेतली. म्हटलं, बोललो तर आबा जीव घेतील, आणि पोरगी बी हातची जाईल!"

सगळा मांडव हसला. सुना हसल्या, जावई हसले, कुणी टाळ्या पिटल्या. मी अक्काकडं बघायचं टाळलं. अडकित्त्याचा आवाज थांबला होता.

ती म्हणाली, "तुम्ही बघितली हुती?"

"व्हय की!" दाजी अजून हसतच होते.

"आबांकडं हुती ते मला तवाच दिसलं हुतं. तुम्ही बघितली हुती, ते आज कळायलंय."

दाजींचं हसू जरा अडखळलं. "अगं, किती वर्षं झाली त्याला. आता एका पानाचं काय घेऊन बसलीस?"

"त्या एका पानावर म्या व्हय म्हणले हुते," अक्का म्हणाली. अडकित्ता बाजूला ठेवून ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि घरात गेली. पोरांना काही कळलं नाही. दाजींनी माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेईन म्हणून. मी अक्काचा अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली.